महावीराचे पुढे काय झाले?

एखादा चित्रपट चालला की त्याचा दुसरा भाग निघतो, हा आता सिनेमाच्या धंद्याचा जवळजवळ नियमच झाला आहे. त्यातही नायक अचाट शक्तीचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘सुपरहिरो’ म्हणतो तसला असला, तर दुसऱ्या भागाची तजवीज पहिल्याच भागाच्या शेवटी करून ठेवलेली असते. असले इंग्रजी चित्रपट हिंदी आवाज चढवून आपल्याकडे येतात. ज्यांना चित्रपटगृहापर्यंत जाणे परवडत नाही, ते देवरी-सालेकसाकडचे आमचे मित्र ते मोबाइलवर पाहतात. मग दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वाद रंगतो. वादाचा प्रश्न ठरलेला असतो : दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा झाला की नाही? आणि उत्तरेही ठरलेलीच असतात. कोणी म्हणतो मारामारी कमी पडली, कोणी म्हणतो खलनायकात दम नव्हता, कोणी म्हणतो निर्मात्याने पैसा ओतला नाही.

मला ही उत्तरे पुरेशी वाटत नाहीत. पैसा ओतूनही पडलेले दुसरे भाग आहेत, आणि मारामारी थांबवून नायकाला रडवणारे, तरीही लोकांनी डोक्यावर घेतलेले दुसरे भागही आहेत. तेव्हा यशाचे गमक दुसरीकडे कोठे तरी असले पाहिजे. ते कोठे आहे, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे. आमच्या प्राध्यापक मंडळींना हा विषय वार्षिकांकास शोभणारा वाटेल की नाही, याची मला थोडी धास्ती आहे. परंतु या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर परदेशी नाही. ते आपल्याच जिल्ह्यातील एका गावाशी जोडलेल्या नाटककाराने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे, हे कळल्यावर त्यांची हरकत राहणार नाही अशी आशा वाटते.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. पहिल्या भागाला एक मोठी सोय असते. नायकाला शक्ती कशी मिळाली, तो ती वापरायला कसा शिकला आणि पहिला शत्रू त्याने कसा लोळवला, एवढे सांगितले की कथा आपोआप पुढे सरकते. प्रेक्षकाला प्रत्येक गोष्ट नवी असते. दुसऱ्या भागात ही नवलाई संपलेली असते. नायक उडतो हे ठाऊक असते, तो जिंकणार हेही ठाऊक असते. अशा वेळी निर्मात्यापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे जे होते तेच वाढवून देणे : एका खलनायकाच्या जागी तीन, एका इमारतीच्या जागी अख्खे शहर. दुसरी वाट म्हणजे पहिल्या भागात नायकाने जे केले त्याचे पुढे काय झाले, हे त्यालाच विचारणे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दुसरा भाग उभा राहतो तो या दुसऱ्या वाटेने. पहिला भाग नायकाचा पराक्रम दाखवतो. दुसऱ्याने त्या पराक्रमाचा हिशेब मागायला हवा.

आता त्या नाटककाराकडे वळतो. भवभूती हे नाव आपल्या भागात कोणाला अपरिचित नाही. आमगावच्या महाविद्यालयाला ते नाव दिलेले आहे. ‘महावीरचरित’ या आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपले घराणे पद्मपूर नगरातले असल्याचे सांगितले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. दुर्ग येथे सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटातही पद्मपुराचा उल्लेख आहे. मिराशींनी लिहिले तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भवभूती, म्हणायचे तर, आपल्या वाट्याला आला. त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला तो होता, असे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून समजते. त्याची तीन नाटके उपलब्ध आहेत : ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’. ही तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे होत आहेत, असे त्यांच्या प्रस्तावनांत म्हटले आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक बघणाऱ्या आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला यात काही परके वाटू नये.

यांपैकी पहिले व तिसरे नाटक ही एकाच नायकाची दोन चरित्रे आहेत. ‘महावीरचरित’ यातला महावीर म्हणजे मोठा वीर, अर्थात राम. आजच्या भाषेत कोणी त्याला सुपरहिरो म्हटले तर शब्दार्थाने फारसे बिघडणार नाही. सात अंकांच्या या नाटकात विश्वामित्राच्या आश्रमापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा येते. दिव्य अस्त्रे मिळतात, ताटकेचा वध होतो, शिवधनुष्य मोडते, परशुरामाचा गर्व उतरतो, लंका जिंकली जाते. म्हणजे पहिल्या भागाचा सगळा मालमसाला येथे आहे. ‘उत्तररामचरित’ राज्याभिषेकानंतर सुरू होते. तेही सात अंकांचे आहे, पण रावणासारखा शत्रू त्यात कोणीच नाही. लढाई आहे ती नायकाच्या पुतण्याची आणि खुद्द त्याच्या मुलाची, तीही एकमेकांची ओळख नसल्यामुळे झालेली. पहिल्यात जो सर्व जिंकतो तो दुसऱ्यात मूर्च्छित पडतो. तरीही लोकांनी आणि पंडितांनी ज्याच्यासाठी भवभूतीला मोठा मानला ते नाटक हे दुसरेच. परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात जी संस्कृत नाटके मराठीत आणली, त्यांत ‘उत्तररामचरित’ आहे.

हे कसे साधले, ते जरा उलगडून पाहू. त्यासाठी मी नाटकातल्या पाच गोष्टी घेतो आणि प्रत्येकीशेजारी एखादा चित्रपट ठेवतो.

पहिली गोष्ट, मागील कथेची आठवण. दुसरा भाग पाहायला आलेल्या सर्वांनी पहिला पाहिलेला असतोच असे नाही. पाहिला असला तरी आठवत असतोच असेही नाही. म्हणून चित्रपटवाले आरंभी मागचे तुकडे दाखवतात. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये नामावलीबरोबर पहिल्या भागातील प्रसंगांची रेखाटलेली चित्रे येतात. भवभूतीने नेमके हेच केले आहे. पहिल्या अंकात लक्ष्मण रामाला व सीतेला घेऊन चित्रशाळा दाखवतो. त्यांच्याच आयुष्याची चित्रे भिंतीवर काढलेली आहेत : मिथिलेतला विवाह, शृंगवेरपूर, दंडकारण्य, जनस्थान. पण येथे केवळ उजळणी होत नाही. चित्र पाहताना सीता घाबरते, वियोग पुन्हा होतोसा वाटून व्याकूळ होते. आणि तेच अरण्य पुन्हा पाहावे अशी इच्छा तिला होते. हीच इच्छा पुढे तिला रथात बसवून वनात पाठवण्याचे निमित्त ठरते. मागील भागाची आठवण ही अशी पुढील संकटाचे बीज झाली पाहिजे. नुसती आठवण म्हणजे वर्गातली हजेरी; नावे घेतली गेली, शिकवणे अजून सुरू व्हायचेच आहे.

दुसरी गोष्ट, संकट कोठून येते. वाईट दुसऱ्या भागात संकट बाहेरून येते. कोण्या ग्रहावरून, कोण्या प्रयोगशाळेतून, आणि नायकाशी त्याचा काही संबंध नसतो. चांगल्या दुसऱ्या भागात ते नायकाच्याच एखाद्या सत्कृत्यातून किंवा शब्दातून उगवते. १९७८ च्या ‘सुपरमॅन’नंतर १९८० साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात नायक पॅरिसमधला बॉम्ब उचलून अवकाशात नेऊन फेकतो. शहर वाचते, पण त्या स्फोटाने अवकाशात कैदेत असलेले तिघे गुन्हेगार सुटतात आणि पृथ्वीवर येतात. शहर वाचवणे हेच संकटाचे कारण झाले! भवभूतीकडे हे आणखी खोल आहे. वसिष्ठांचा निरोप घेऊन अष्टावक्र येतो : प्रजेचे रंजन कर. त्यावर राम म्हणतो की, लोकांच्या समाधानासाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीचाही त्याग करावा लागला तरी मला दुःख होणार नाही. सीता शेजारीच उभी आहे आणि या बोलण्याचे ती कौतुक करते. हा शब्द उच्चारून थोडा वेळही होत नाही, तोच दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची बातमी घेऊन येतो. माता, वसिष्ठ व अरुंधती ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्रासाठी गेलेल्या आहेत. सल्ला विचारायला घरात वडीलधारे कोणी नाही. रामाला आता दुसऱ्या कोणाशी लढायचे नाही. त्याच्या स्वतःच्याच शब्दाने त्याला अडवले आहे.

तिसरी गोष्ट अशी की, नायकाची शक्ती येथे निरुपयोगी ठरली पाहिजे. पहिल्या भागात जी शक्ती प्रत्येक कुलूप उघडते, तिने न उघडणारे कुलूप दुसऱ्या भागात हवे. ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये पीटर पार्कर घरभाडे भरू शकत नाही, वेळेवर पिझ्झा पोहोचवू शकत नाही म्हणून नोकरी घालवतो, आणि मन द्विधा झाले तेव्हा त्याची शक्तीच त्याला सोडून जाते. प्रेक्षकांच्या सर्वाधिक लक्षात राहिलेला प्रसंगही त्याच्या अशक्तपणाचाच आहे. धावती गाडी अडवून तो बेशुद्ध पडतो, तोंडावरचा मुखवटा नसतो, आणि प्रवासी त्याला हातांवर उचलून आत घेतात. हा तर आपल्या मुलाएवढा पोरगा, हे त्यांच्या ध्यानात येते. आता ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक पाहा. बारा वर्षांनंतर राम पंचवटीच्या परिसरात आला आहे. भागीरथीच्या कृपेने अदृश्य झालेली सीता तमसा नदीबरोबर तेथेच आहे. तिला राम दिसतो, रामाला ती दिसत नाही. ज्याने समुद्रावर सेतू बांधला, तो वनातली जुनी झाडे पाहून कोसळतो, आणि सीतेचा हात लागला की शुद्धीवर येतो. पण हात कोणाचा ते त्याला कळत नाही. येथे कोणते अस्त्र कामाला येणार? वनदेवता वासंती तर त्याला सरळच टोचून बोलते की, तुला यश प्रिय होते म्हणतोस, मग याहून मोठे अपयश ते कोणते? या अंकात बाह्य घटना जवळजवळ काहीच घडत नाही, तरी सर्व नाटकाचा प्राण येथे आहे. झाडीपट्टीचा प्रेक्षक कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत बसतो तो केवळ विनोदासाठी बसत नाही, रडण्यासाठीही बसतो. त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

येथेच काळाचाही विचार केला पाहिजे. दुसऱ्या भागात काळ गेला आहे हे कळावे लागते. ‘बारा वर्षांनंतर’ अशी पाटी लावून ते कळत नाही. भवभूती ते वस्तूंतून दाखवतो. दुसऱ्या अंकात रामाला दिसते की, पूर्वी जेथे नदीचा ओघ होता तेथे आता वाळवंट पडले आहे. झाडी दाट होती तेथे विरळ झाली आहे, विरळ होती तेथे दाट झाली आहे. केवळ डोंगर जागचे हललेले नाहीत, म्हणून हे तेच वन अशी ओळख पटते. सीतेने हाताने पाला भरवून वाढवलेले हत्तीचे पिलू आता मोठे झाले आहे, त्याला जोडीदारीण आहे. आपल्याकडे बावनथडीच्या किंवा वाघनदीच्या काठचा कोणीही म्हातारा माणूस काळ असाच मोजतो : पूर्वी डोह येथे होता, आता तेथे रेती आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नायकाचा दबदबा न मानणारे कोणीतरी दुसऱ्या भागात हवे, आणि त्याने नायकाच्या पहिल्या भागातील पराक्रमावर बोट ठेवायला हवे. ‘महावीरचरित’ लिहिताना भवभूतीने रामाची बाजू चांगली सावरली होती. मूळ रामायणात वालीला झाडाआडून मारल्याचा ठपका रामावर येतो. भवभूतीने रावणाच्या माल्यवान मंत्र्याच्या चिथावणीने वालीलाच रामावर चाल करून यायला लावले आणि युद्ध समोरासमोर करून टाकले. मंथरेच्या रूपात शूर्पणखा आणून कैकेयीलाही दोषातून सोडवले. म्हणजे पहिल्या भागात नायक स्वच्छ! पण दुसऱ्या नाटकाच्या पाचव्या अंकात काय होते? आश्रमात वाढलेला लव अश्वमेधाचा घोडा अडवतो. लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू रामाची थोरवी गातो, तेव्हा हे पोर उपरोधाने म्हणते की, मोठ्यांच्या चरित्राचा विचार करू नये हेच बरे. आणि मग ताटका ही स्त्री होती, खराशी लढताना राम तीन पावले मागे सरला होता, आणि वालीला कसा मारला तेही सर्वांना माहीत आहे, अशी एकेक गोष्ट मोजून दाखवते. ज्या लेखकाने पहिल्या भागात हे डाग पुसले, त्यानेच दुसऱ्या भागात ते नायकाच्या मुलाच्या तोंडून पुन्हा मांडले. आपल्या नायकावर एवढा विश्वास असल्याशिवाय लेखक असे करू धजत नाही. भवभूतीचे मोठेपण मला येथे दिसते.

हाच प्रश्न अलीकडे इंग्रजी चित्रपटांनाही पडू लागला आहे. पहिल्या भागात नायक शहर वाचवतो तेव्हा इमारती पडतात. त्या इमारतींत कोण होते? २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ या चित्रपटात एक आई टोनी स्टार्कला गाठते आणि त्यांच्या मागील विजयात आपला मुलगा ठार झाला, हे त्याच्या तोंडावर सांगते. त्या एका भेटीने सगळ्या नायकांत फूट पडते. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डन नायकाला बजावतो की, तुम्ही मुखवटा घातला, आता गुन्हेगारही तसेच वागू लागले आहेत; आणि २००८ च्या ‘द डार्क नाइट’ मध्ये तोच इशारा जोकरच्या रूपाने उभा राहतो. शेवटी बॅटमॅनला दुसऱ्याचे गुन्हे स्वतःच्या माथी घेऊन पळावे लागते. दुसरा भाग पहिल्याहून सरस निघाल्याचे उदाहरण म्हणून लोक हा चित्रपट सांगतात. त्याचे कारण मला यात सापडते.

पाचवी गोष्ट, पेरलेले उगवले पाहिजे. चित्रशाळेत राम जृंभकास्त्रांचे चित्र पाहतो तेव्हा सीतेला सांगतो की, ही अस्त्रे आता तुझ्या संततीकडे येतील. प्रेक्षक हे विसरून जातो. पाचव्या अंकात लव त्याच अस्त्रांनी सैन्य जागच्या जागी थिजवतो, आणि ही अस्त्रे त्याला कोणी शिकवली या प्रश्नाचे उत्तर मिळते की, ती आपोआपच प्रकट झाली. पहिल्या नाटकात जी शक्ती शत्रूला मारण्यासाठी मिळाली, ती दुसऱ्यात बापाला मुलाची ओळख पटवण्याच्या कामी आली. वस्तू तीच, पण तिचा अर्थ बदलला. पुढील पिढीच्या हाती वारसा देण्याची ही युक्ती सिनेमानेही फार पूर्वीपासून वापरली आहे. १९२० साली डग्लस फेअरबँक्सचा मुखवटेधारी ‘झोरो’ आला आणि १९२५ साली झोरोच्या मुलाचा चित्रपट निघाला. आपल्या मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. त्यात नादियाने चाबूक घेऊन, मुखवटा लावून अन्यायाचा बंदोबस्त करणारी राजकन्या उभी केली. आणि १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ पडद्यावर आली. २००३ च्या ‘कोई... मिल गया’ नंतर २००६ मध्ये ‘क्रिश’ आला, त्यातही नायक पहिल्या नायकाचा मुलगा आहे. बापाची शक्ती त्याला घातक ठरली या भीतीने आजी त्याला डोंगरात लपवून वाढवते आणि शक्ती प्रकट न करण्याचे वचन घेते. त्या वचनामुळेच मुखवट्याची गरज पडते. वारशाबरोबर धास्तीही येते, ही या चित्रपटातली चांगली कल्पना होय.

ज्यांना पहिली वाट पसंत पडते त्यांचे काय होते, याचे उदाहरण त्याच स्पायडर-मॅनच्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात सापडते. त्यात शत्रू तीन झाले, पण प्रत्येकाला देण्याजोगा वेळ उरला नाही. काकाच्या खुनाचा जुना हिशेब त्यात होता. तो गर्दीत हरवला. शिवाय हिशेब मागितला तरी तो चुकता झाला पाहिजे. ‘सुपरमॅन’च्या ज्या दुसऱ्या भागाचा मी वर गौरव केला, त्यातही नायक प्रेमासाठी शक्ती सोडतो, साध्या माणसासारखा मार खातो, येथवर सर्व उत्तम, पण शेवटी तो एका चुंबनाने नायिकेची स्मृतीच पुसून टाकतो आणि सर्व काही पूर्ववत होते. उसने घेतलेले परत न करता खातेवहीचे पान फाडावे, तसे हे झाले. भवभूतीने शेवट गोड केला आहे हे खरे. वाल्मीकीच्या कथेत सीता धरणीच्या पोटात जाते. येथे ती परत येते. पण ती कशी परत येते? गंगेच्या काठी वाल्मीकीचे नाटक अप्सरा करून दाखवतात, राम ते प्रेक्षक म्हणून पाहतो आणि आपण सोडलेल्या पत्नीचे काय झाले हे त्याला त्या नाटकातून कळते. मग अरुंधती जमलेल्या नगरवासीयांना जाहीरपणे विचारते, आणि ज्या लोकांनी अपवाद पसरवला होता तेच सीतेला नमस्कार करतात. शेवट सुखाचा आहे, तरी फुकटचा नाही. बारा वर्षे गेलेली आहेत, मुलांचे बाळपण बापाने पाहिलेले नाही, आणि अपराध्यांना सर्वांसमक्ष मान लववावी लागली आहे.

येथे लेख संपवला असता तर सर्वांचे समाधान झाले असते. परंतु मी जी कसोटी लावली ती भवभूतीलाही लावली पाहिजे. दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो तो कशासाठी? शंबूक नावाचा शूद्र तप करतो आहे, त्यामुळे एका ब्राह्मणाचे मूल मेले, अशी तक्रार झाली. म्हणून त्याला मारायला. भवभूतीच्या रामाचा हात उचलत नाही. तो आपल्या उजव्या हातालाच म्हणतो की, गरोदर सीतेला घालवून देणारा तू, तुला दया कोठून असणार. आणि मग वार करतो. लेखकाला ही गोष्ट बोचत होती, हे यावरून स्पष्ट दिसते. पण पुढे काय होते? शंबूक दिव्य पुरुष होऊन उभा राहतो, रामाचे आभार मानतो आणि त्याला वनाची माहिती सांगतो. सीतेसाठी वासंती बोलली, जनक संतापला, लवाने टोमणे मारले. शंबूकासाठी नाटकात कोणीही बोलत नाही. त्याचा हिशेब त्याच्याच तोंडून मिटवून टाकला आहे.

हा हिशेब पुढे इतरांनी काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या भाषणात शंबूकवधाचा दाखला दिला आहे. चातुर्वर्ण्य आपोआप टिकत नाही, त्यामागे दंडशक्ती उभी करावी लागते, हे त्यांनी त्यावरून दाखवले. कन्नड कवी कुवेंपू यांनी १९४४ मध्ये ‘शूद्र तपस्वी’ हे नाटक लिहिले. त्यात रामाचा बाण तपस्व्याला न मारता तक्रार करणाऱ्या ब्राह्मणाकडेच वळतो, आणि त्याचे डोळे उघडतात. म्हणजे महावीराच्या कथेचा आणखी एक पुढचा भाग निघाला, आणि तोही उभा राहिला; कारण आधीच्या भागाने ज्याला बोलू दिले नव्हते, त्याच्या बाजूने तो लिहिलेला होता.

यावरून माझ्या कसोटीत एक भर घालावी लागते. दुसऱ्या भागाने नायकाकडे हिशेब मागावा हे खरेच; पण तो कोणाच्या वतीने मागितला जातो, हेही पाहावे. नायकाच्या घरच्यांचे दुःख दाखवणे सोपे असते, कारण प्रेक्षकाचे त्यांच्यावर आधीच प्रेम असते. पडलेल्या इमारतीतल्या अनोळखी माणसाचे, किंवा झाडाखाली तप करणाऱ्या शंबूकाचे दुःख दाखवणे कठीण असते. तेथे नायकावरचे प्रेमच आड येते.

म्हणून मित्रांना सुचवावेसे वाटते की, यापुढे कोणताही दुसरा भाग पाहून आलात की मारामारी किती मिनिटांची होती हे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारा. संकट नायकाच्याच कृतीतून आले होते काय? त्याची शक्ती जेथे चालत नाही अशा जागी त्याला उभे केले होते काय? आणि त्याच्या विजयात जे तुडवले गेले, त्यांच्यापैकी कोणाला बोलू दिले होते काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर त्या चित्रपटात काही तरी आहे असे खुशाल समजावे. आणि आमच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एकांकिका शोधत फिरणाऱ्या मंडळींना एक विनंती. ‘उत्तररामचरिता’चा दुसरा अंक एकदा वाचा. त्यात शंबूक आहे, त्याला मारायला आलेला आणि मारताना कचरलेला राजा आहे, आणि दोघांच्या मध्ये न बोललेले पुष्कळ काही आहे. पदमपूर आपल्यापासून फार दूर नाही. तेथल्या नाटककाराने अर्धवट सोडलेला हा संवाद पुरा करायला आपल्याच जिल्ह्यातले कोणी पुढे आले, तर ते योग्यच होईल.